गाळात गेलेला गुण



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ठाण्याच्या वर्तकनगरात ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी या परिसरातल्या कितीतरी मुलांना रसायनशास्त्राची गोडी लावली. म्हणून आज विषयही रसायनशास्त्रातलाच घेतला आहे. माझी सगळी नोकरी खाद्यतेलाच्या शुद्धीकरणात गेली. तेलावर बोलणारे पुष्कळ आहेत. तेल निघाल्यावर मागे पेंड उरते, चोथा उरतो, काळं पाणी उरतं, साबणासारखा गाळ उरतो. त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मी आज त्याबद्दलच बोलणार आहे.

सुरुवात ऑलिव्हपासून करते, कारण या विषयाचा सगळ्यात स्पष्ट दाखला तिथे मिळतो. आता ठाण्यातल्या साध्या किराणा दुकानातही ऑलिव्ह तेलाची बाटली दिसते. तिचं कौतुक होतं ते त्यातल्या पॉलिफेनॉलांमुळे. हे कौतुक पोकळ नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०११ साली पुरावे तपासले आणि २० ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याची संयुगं मिळून किमान ५ मिलिग्रॅम असतील, तर ते तेल रक्तातल्या स्निग्ध पदार्थांना ऑक्सिडीकरणापासून जपायला हातभार लावतं असं बाटलीवर म्हणायला हरकत नाही, असा निर्वाळा दिला. चांगलं ताजं ऑलिव्ह तेल नुसतं प्यायलं तर घशाला चरचरतं. ती चरचर ओलिओकँथल नावाच्या फिनॉलची आहे आणि ते आयबुप्रोफेनसारखं काम करतं, हे २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

पण बाटलीवर न छापलेली गोष्ट अशी, की ऑलिव्हच्या फळात जेवढी फिनॉलं असतात त्यांतली जेमतेम २ टक्के तेलात उतरतात. उरलेली ९८ टक्के चोथ्यात आणि पाण्यात जातात. कारण सरळ आहे. फिनॉलांचा ओढा तेलापेक्षा पाण्याकडे जास्त. फळ दळलं, फिरवलं, तेल वेगळं झालं, की ती पाण्याबरोबर निघून जातात. १०० किलो फळातून साधारण २० किलो तेल मिळतं. म्हणजे ज्या गुणासाठी आपण ते महाग तेल आणतो, त्या गुणाचा जवळजवळ सगळा साठा गिरणीच्या मागच्या दारानं बाहेर पडलेला असतो.

आता ही फिनॉलं ऑक्सिडीकरणरोधक, म्हणजे अँटिऑक्सिडंट, म्हणून नेमकं करतात काय? त्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. पावसाळ्यात डब्यातले शेंगदाणे खवट होतात, दिवाळीतला चिवडा महिन्याभरात वास मारू लागतो, जुन्या खोबऱ्याला कडवट चव येते. हे सगळं तेलाचं ऑक्सिडीकरण. तेलाच्या रेणूतला एक हायड्रोजन सुटतो, तिथे हवेतला प्राणवायू चिकटतो, आणि तो बिघडलेला रेणू शेजारच्याचा हायड्रोजन ओढून घेतो. अढीतला एक नासका आंबा शेजारच्यांना नासवत जातो, तसं हे पसरतं. शेवटी जी छोटी अल्डिहाइडं तयार होतात, त्यांचा वास म्हणजे खवटपणा. फिनॉल या साखळीत मध्ये उभं राहतं. स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकतं आणि स्वतः मात्र पुढे कोणाला बिघडवत नाही. साखळी तिथे तुटते.

आपल्या घरांत हे ज्ञान वेगळ्या रूपानं होतंच. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लावायची ती आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तांबं हा तेलाच्या ऑक्सिडीकरणाला सगळ्यात जोरात ढकलणाऱ्या धातूंपैकी एक आहे. कल्हईचा थर मध्ये आला की तूप-तेलही टिकतं. तिळाचं तेल इतर तेलांहून जास्त टिकतं, हेही जुन्या माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या सेसमॉल आणि त्याच्या भाईबंदांचा तो प्रताप.

परत ऑलिव्हच्या पाण्याकडे येऊ. जुन्या पद्धतीच्या यंत्रात एक किलो फळामागे जवळपास एक लिटर काळं पाणी निघायचं. स्पेनमध्ये हे पाणी वर्षानुवर्षं नद्यांत सोडलं गेलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारनं ते बंद केलं, तेव्हा गिरण्यांनी मोठमोठी तळी खणून पाणी उन्हात आटवायला सुरुवात केली. १९९०च्या दशकात यंत्रच बदललं. नव्या यंत्रात पाणी जवळजवळ घालावंच लागत नाही, पण त्यातून निघतो ओला, लगद्यासारखा चोथा. त्याला ते अल्पेरुहो म्हणतात. सेव्हिलच्या इन्स्तितुतो दे ला ग्रासा या संशोधन संस्थेत या चोथ्याला दाबाखालची वाफ देऊन त्यातून हायड्रॉक्सीटायरोसॉल वेगळं करण्याची पद्धत बसवली गेली. दुसरीकडे काळं पाणी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळून आणि मग रेझिनवर फिनॉलं धरून ती अल्कोहोलनं सोडवून घेण्याची वाट निघाली. पुढे २०१७ साली युरोपनं हायड्रॉक्सीटायरोसॉलला नवा खाद्यघटक म्हणून मान्यता दिली.

यातली एक गोष्ट ठाणे-कल्याणच्या माणसानं नीट ऐकावी अशी आहे. हे काळं पाणी नदीला इतकं मारक का होतं? बरंचसं त्यातल्या फिनॉलांमुळे. सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू फिनॉलं सहजी पचवू शकत नाहीत, उलट स्वतःच मरतात. झाडानं ती बुरशी आणि किडीपासून स्वतःच्या बचावासाठीच तर बनवलेली असतात. म्हणजे जो पदार्थ बाटलीत औषधासारखा मानला जातो, तोच नाल्यात विष होतो. अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणमधून वाहणारी, कारखान्यांच्या सांडपाण्यानं मैली झालेली वालधुनी नदी, २०१४चा डोंबिवलीचा हिरवा पाऊस, २०२०चा गुलाबी रस्ता हे आपण पाहिलेलं आहे. तिथली रसायनं वेगळी, धोका वेगळा. पण कारखान्यात ज्याला माल म्हणतात तेच कुंपणाबाहेर पडलं की प्रदूषण होतं, हा नियम दोन्हीकडे एकच. म्हणून फिनॉलं काढून घेणं हा नुसता कमाईचा मार्ग नाही. ती काढून घेतली की उरलेलं पाणी जिवाणूंना पचू लागतं आणि शुद्धीकरणाचा खर्च उतरतो. या धंद्याचा हिशेब मांडताना हा दुसरा आकडा बहुतेक वेळा गाळला जातो, आणि मग धंदा तोट्याचा दिसतो.

महाराष्ट्रात ऑलिव्ह नाही. पण आपल्याकडे भाताचा कोंडा आहे, आणि त्याची गोष्ट ऑलिव्हइतकीच बोलकी आहे.

१०० किलो भात भरडला तर वीसेक किलो तूस निघतं आणि सात-आठ किलो कोंडा. या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असतं, आणि त्या तेलात ओरायझनॉल असतं. ते फेरुलिक आम्ल आणि स्टेरॉल यांच्या जोडीतून बनलेलं आहे, आणि १९५४ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं. कच्च्या तेलात ते दीड-दोन टक्क्यांपर्यंत असतं. दुसऱ्या कुठल्याही रोजच्या खाद्यतेलात असा पदार्थ इतका सापडत नाही. गोंदिया-भंडाऱ्याकडे, जिथे भातगिरण्यांची गर्दी आहे, तिथे हा कोंडा मोठ्या प्रमाणावर तयार होतो.

पण भात भरडल्या क्षणी कोंड्यातलं लायपेज नावाचं विकर जागं होतं आणि तेल फोडायला लागतं. दमट हवेत एकेका दिवसात त्यातलं मोकळं आम्ल काही टक्क्यांनी वाढतं. दोन-तीन दिवस पोत्यात पडलेला कोंडा खाद्यतेलासाठी संपल्यात जमा. त्यावर उपाय आहे, आणि तो अवघडही नाही. गिरणीतून निघाल्याबरोबर वाफेची किंवा कोरडी उष्णता दिली की विकर मरतं. मात्र हे गिरणीच्या दारातच व्हावं लागतं. जुन्या हलर पद्धतीच्या छोट्या गिरण्यांत तर तूस आणि कोंडा एकत्रच बाहेर पडतो. तो गुरांच्या तोंडी जातो, आणि त्यातलं तेल कोणाच्याच कामी येत नाही.

दुसरी अडचण माझ्या धंद्यातली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते. तेल शुद्ध करण्याची जुनी रीत म्हणजे कॉस्टिकनं आम्ल मारणं. कॉस्टिक टाकलं की मोकळ्या आम्लाचा साबण होतो आणि तो खाली बसतो. त्याला आम्ही सोपस्टॉक म्हणतो. कोंड्याच्या तेलात ओरायझनॉलही फिनॉलच असल्यामुळे कॉस्टिकला बळी पडतं आणि साबणाबरोबर खाली जातं. बहुतेक सगळं. वर राहतं ते स्वच्छ, फिकं, दिसायला देखणं तेल, ज्याचा मुख्य गुण गाळात गेलेला असतो. तो गाळ साबणवाल्यांना विकला जातो. दुसरी रीत म्हणजे कॉस्टिक न वापरता, आधी डिंक आणि मेण नीट काढून मग निर्वातात वाफेनं आम्ल उडवायचं. यात ओरायझनॉल तेलातच राहतं. हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीनं विकर वापरून डिंक काढण्याची पद्धत बसवली, आणि त्यामुळे ही दुसरी रीत आपल्या कारखान्यांना परवडू लागली.

म्हणून मला सोपस्टॉकमधून ओरायझनॉल पुन्हा काढण्याच्या पद्धतींचं कौतुक आहे, पण ते मर्यादित. साबण वाळवायचा, त्यातून विद्रावकानं ओरायझनॉल काढायचं, मग स्फटिक पाडायचे, हे सगळं होतं आणि ते विकलंही जातं. तरी जे मुळात गाळात जायलाच नको होतं, ते गाळातून काढणं हा दुसऱ्या क्रमांकाचा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे तेल शुद्ध करताना गुण टिकवणं.

सोयाबीनचं उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात शेवटची पायरी वास काढण्याची. निर्वातात २२० ते २६० अंश सेल्सिअसला तेलातून वाफ सोडतात. वासाबरोबर काही टोकोफेरॉलही, म्हणजे ई जीवनसत्त्वाची रूपं, उडून जातात आणि थंड होऊन एका टाकीत जमतात. तो तपकिरी, नाक दाबून धरावं लागेल असा द्रव म्हणजे डिओडोरायझर डिस्टिलेट. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नैसर्गिक ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सुलांचा जगातला सगळ्यात मोठा स्रोत हाच आहे. यात एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. सोयाबीनमध्ये गॅमा आणि डेल्टा प्रकारचं टोकोफेरॉल जास्त असतं, आणि तेल टिकवण्यात हे दोन्ही अल्फाहून सरस आहेत. पण शरीर ई जीवनसत्त्व म्हणून अल्फाच जास्त वापरतं, म्हणून कॅप्सूल बनवताना गॅमा-डेल्टाचं रासायनिक रूपांतर करून अल्फा केलं जातं. ज्याचं नैसर्गिक काम तेल राखण्याचं, त्याला आपण बदलून गोळीत भरतो. आणि तेल राखायला मात्र बाहेरून टीबीएचक्यू हे कृत्रिम ऑक्सिडीकरणरोधक घालतो. किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत ते घालायला कायद्यानं परवानगी आहे आणि त्या मर्यादेत ते धोक्याचं आहे असं मी म्हणणार नाही. पण कारखान्याच्या एका नळातून रक्षक बाहेर जातो आणि दुसऱ्या नळातून विकत घेतलेला रक्षक आत येतो, ही व्यवस्था मला पटत नाही.

आता कोकणाकडे. इथे बसलेल्यांपैकी अनेकांचं गाव तिकडे असेल.

रातांब्याच्या बाबतीत कोकणातल्या बायकांनी काही वाया जाऊ दिलं नाही. सालीची सोलं, रसाचं आगळ, बियांचं तेल. थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावलं जाणारं ते घट्ट पांढरं तेल आता सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्या ‘कोकम बटर’ म्हणून घेतात. २०१८ साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

काजूत मात्र बरंच काही हातातून जातं. काजूबीच्या वजनात गर पाव हिश्शाच्या आसपास, बाकी बहुतेक टरफल. टरफलात जो चीक असतो तो कातडी जाळतो. काजू फोडणाऱ्या बायका म्हणूनच हाताला राख किंवा तेल चोळून बसतात. बिब्बा उततो तोही याच जातीच्या पदार्थांनी, दोन्ही झाडं एकाच कुळातली. या चिकातलं मुख्य द्रव्य अ‍ॅनाकार्डिक आम्ल, तेही फिनॉलच. टरफलं तापवून तेल काढलं की हे आम्ल कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डानॉल होतं आणि गाड्यांच्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये, रंगांमध्ये, रेझिनमध्ये जातं. हा चांगला, चालता धंदा आहे. खाण्याच्या पदार्थांसाठी मात्र मी टरफलाच्या वाटेला जाणार नाही. कातडी जाळणारं द्रव्य पूर्ण निघालंय याची खात्री दर खेपेला देणं लहान कारखान्याला झेपायचं नाही.

माझा कौल आहे तो गरावरच्या तांबूस सालपटाला. भट्टीत वाळवून काजूगर सोलला की ते पातळ पापुद्रे सुटतात. वजनात बीच्या दोन-तीन टक्केच. पण त्यात कॅटेचिन आणि एपिकॅटेचिन भरपूर असतात, म्हणजे चहाच्या पानात असतात त्या घराण्यातलीच फिनॉलं. चामडं कमावायला हे सालपट पूर्वीपासून वापरात आहे, कारण टॅनिनं त्यात मुबलक. आणि सगळ्यात मोठी सोय अशी की ते कोरडं असतं. ऑलिव्हच्या चोथ्यासारखं आंबत नाही, भाताच्या कोंड्यासारखं दोन दिवसांत बिघडत नाही. वेंगुर्ला, मालवण, चंदगड, आजरा इथल्या वीस-पंचवीस कारखान्यांचं सालपट पोत्यांत साठवून एका ठिकाणी आणता येईल. पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणानं अर्क निघेल. काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी वेष्टनावर स्पष्ट इशारा छापावा लागेल आणि टरफलाचा चीक मिसळलेला नाही याची तपासणी करावी लागेल. एवढी पथ्यं पाळली, तर वेंगुर्ल्याचं फळसंशोधन केंद्र आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ हाताशी असलेल्या भागाला हे काम अशक्य नाही.

नाशिकच्या वायनरींचा द्राक्षचोथाही लोक सुचवतात. बरोबर आहे, द्राक्षातली बहुतेक फिनॉलं बिया आणि सालीतच असतात आणि ती चोथ्यात राहतात. पण २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते नाशिकचा शेतकरी विसरलेला नाही. अर्क काढताना फिनॉल दाट होतं तसं फवारणीचं औषधही दाट होऊ शकतं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं औषधांचे अंश तपासण्याचं मोठं काम उभं केलं आहे. ती तपासणी चोथ्यालाही लावल्याशिवाय त्याचा अर्क कोणाच्या पोटात जाऊ नये.

आता ज्या प्रश्नाची तुम्ही वाट पाहत असाल तो घेते. हे अर्क गोळ्यांतून खावेत का?

माझं उत्तर स्पष्ट आहे. आजाराच्या भीतीनं खाऊ नयेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. काहींना ई जीवनसत्त्व, काहींना बीटा कॅरोटीन, काहींना दोन्ही, काहींना यांपैकी काहीच नाही. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ साली मुदतीआधी थांबवावा लागला. परीक्षानळीत जे साखळी तोडतं, ते शरीरात मोठ्या मात्रेत गेल्यावर काय करेल हे परीक्षानळी सांगू शकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारा आकड्यांचा तक्ता २०१२ साली संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातवाले मात्र ते सर्रास वापरत होते. तरीही आजसुद्धा डब्यांवर असेच आकडे छापलेले दिसतात.

म्हणून या संयुगांचा पहिला हक्क तेलाचा आहे. ज्या पदार्थापासून ती वेगळी झाली त्याच्याच रक्षणासाठी ती वापरावीत. फरसाण, बाकरवडी, चकली, शेंगदाण्याची चटणी, तळलेले बटाट्याचे काप, मसाले यांचा धंदा महाराष्ट्रात गावोगावी आहे, आणि खवटपणा हा त्या सगळ्यांचा पहिला शत्रू. तिथे किलोमागे अगदी थोडा अर्क लागेल. गिऱ्हाईक आहे, मात्रा लहान आहे, दावा खोटा करावा लागत नाही. रोझमेरीचा अर्क या कामासाठी जगभर वापरात आहे. आपल्या सालपटाचा, आपल्या कोंड्याचा का नसावा?

मग हे होत का नाही? रसायनशास्त्र अडत नाही, ते सोडवलेलं आहे. माल ताजा असताना गोळा होत नाही, इथे अडतं. ऑलिव्हचा चोथा असो, कोंडा असो, रस काढलेलं काजूचं बोंडू असो, सगळ्याला घाई असते, आणि आपल्या कारखान्यांत मागच्या दाराच्या मालाला घाई नसते. दुसरी अडचण अल्कोहोलची. उसाच्या जोरावर महाराष्ट्र अल्कोहोल भरपूर बनवतो, पण ते विद्रावक म्हणून वापरायचं तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, नोंदी, तपासण्या हे सगळं आलं. सावंतवाडीतल्या चार कामगारांच्या युनिटला ते जड जातं. इथे सरकारनं लहान अर्क-उद्योगांसाठी सोपी वाट काढावी, ही माझी आग्रहाची मागणी आहे. खाण्याच्या मालासाठी हेक्झेनसारखं विद्रावक वापरण्यापेक्षा पाणी-अल्कोहोल शतपटीनं बरं, मग तेच वापरायला सगळ्यात अवघड का असावं?

आणि शेवटी ठाणेकरांना. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि आपलं वागळे इस्टेट त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक झालं. वाळवणी यंत्रं, टाक्या, पंप, गाळणपडदे बनवणारे हात इथे आजही आहेत. या भागातली मुलं माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत शिकायला जातात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून सुरू झालेल्या त्या संस्थेनं तेलाच्या धंद्याला पिढ्यान्‌पिढ्या तंत्रज्ञ दिले. तुमच्यातलं कोणी अभियांत्रिकी शिकत असेल, कोणाचं छोटं वर्कशॉप असेल, तर एक यंत्र बनवा. भातगिरणीच्या दारात बसेल, एक माणूस चालवेल आणि कोंडा निघाल्याबरोबर तो तापवून स्थिर करेल असं. दिवसाला अर्धा टन कोंडा झेपेल एवढं पुरे. आणि घरी तेल आणणाऱ्यांनी कोंड्याच्या तेलाच्या पिशवीवर ओरायझनॉलचा आकडा छापलाय का, ते आधी बघावं. छापलेला नसेल तर दुकानदाराला विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.